पासची रांग आणि शकाची रांग : ऑलिंपिकआधीच्या पॅरिसमध्ये काय घडलं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ग्लासगो इथं झालेल्या सभेत २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला देण्यावर शिक्कामोर्तब झालं. २०३६ च्या ऑलिंपिकवरही भारताने दावा सांगितलेला आहे. बातमी आनंदाचीच. आमच्या शाळेच्या पोरांना धावायला धड मैदान नाही हा भाग वेगळा, पण आपल्या देशात मोठे खेळ व्हावेत असं कुणाला वाटणार नाही? तेव्हापासून स्टेडियम, मेट्रो, हॉटेलं, रस्ते यावर भरपूर छापून येतंय. एका गोष्टीवर मात्र कुणी फारसं बोलत नाही. एवढा मोठा खेळ शहरात येतो तेव्हा त्याच्या आधी बंदोबस्त येतो. खेळ पंधरा दिवसांचे असतात, बंदोबस्त वर्षभर आधीपासून सुरू होतो. त्या काळात तिथं राहणाऱ्या साध्या माणसांचं काय होतं, हे बघायचं असेल तर सगळ्यात ताजं आणि सगळ्यात जास्त लिहिलं गेलेलं उदाहरण पॅरिसचं आहे. जुलै-ऑगस्ट २०२४.

आणि पॅरिस आपल्या वाचकांसाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. पश्चिम युरोपातल्या सगळ्यात मोठ्या मुस्लिम लोकसंख्यांपैकी एक फ्रान्समध्ये आहे. ज्या स्ताद द फ्रान्समध्ये ॲथलेटिक्सचे सामने झाले ते स्टेडियम पॅरिसच्या वेशीला लागून असलेल्या सँ-दनी या गावात आहे. अल्जीरिया, मोरोक्को, माली, सेनेगलहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांची ही वस्ती. फ्रान्सच्या मुख्य भूमीतला सगळ्यात गरीब जिल्हा म्हणून तो ओळखला जातो. खेळाडूंचं गावही तिथंच उभं राहिलं. म्हणजे खेळ ज्यांच्या दारात आले ते बहुतेक आपल्यासारखेच लोक.

आधी एक गोष्ट साफ सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडच्या लिखाणात ती बऱ्याचदा गाळली जाते. धोका खरा होता. १३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली. त्या हल्ल्याची सुरुवातच स्ताद द फ्रान्सच्या बाहेर झाली, आत फ्रान्स-जर्मनी फुटबॉल सामना चालू असताना. हल्लेखोरांपैकी एकाला गेटवर तिकीट नाही म्हणून ज्या सुरक्षारक्षकाने परत पाठवलं, तो स्वतः मॉरिशस मूळचा मुस्लिम होता. १४ जुलै २०१६ ला नीस शहरात ट्रक गर्दीत घुसवून ८६ जण चिरडले गेले, त्यातही कितीतरी मुस्लिम कुटुंबं होती. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहावर हल्ला झाला आणि दोनच दिवसांत फ्रान्सने आपला इशारा सर्वात वरच्या पातळीवर नेला. मेच्या अखेरीस सँत-एतिएनच्या फुटबॉल स्टेडियमवर हल्ल्याचा कट रचल्याच्या आरोपावरून एका १८ वर्षांच्या मुलाला पकडलं. खेळ संपल्यावर तिथल्या दहशतवादविरोधी सरकारी वकिलांनी तीन कट उधळल्याचं सांगितलं. तेव्हा बंदोबस्त कशाला, हा प्रश्नच नाही. बंदोबस्त हवाच होता. आमचा प्रश्न आहे तो कुणावर, कशाच्या आधारावर आणि किती दिवस, एवढाच.

जाळ्यांच्या आतलं शहर

उद्घाटन सोहळा स्टेडियममध्ये न करता सीन नदीवर करायचं ठरलं. सहा किलोमीटर नदी, बोटींतून खेळाडू, दोन्ही काठांवर प्रेक्षक. सुरुवातीला सहा लाख लोक येतील असं बोललं जात होतं, सुरक्षेच्या काळजीने तो आकडा सुमारे तीन लाखांवर आणला. त्या एका संध्याकाळसाठी ४५ हजार पोलीस आणि जाँदार्म, म्हणजे तिथले लष्करी पोलीस. शिवाय सैनिक, खासगी रक्षक, छपरांवर नेमबाज. आकाशात १५० किलोमीटरच्या परिघात विमानांना बंदी.

१८ जुलैपासून नदीकाठचा भाग बंद झाला. लोखंडी जाळ्या लागल्या, बातम्यांत ४४ हजार असा आकडा होता. आत राहणाऱ्याला, आत नोकरी करणाऱ्याला, आतल्या हॉटेलात उतरलेल्याला क्यूआर कोडचा पास. तो आधी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून मिळवायचा. पायी जायचं असलं तरी पास, सायकलवर असलं तरी पास. आतली मेट्रो स्टेशनं बंद. कॅफेवाले रडत होते, कारण कॅफे उघडा आणि गिऱ्हाईक जाळीच्या पलीकडे. ऐन सीझनमध्ये धंदा बसला म्हणून व्यापारी संघटनांनी भरपाई मागितली. खेळाच्या दिवसांत मेट्रोचं तिकीट जवळपास दुप्पट, चार युरो झालं.

हे सगळं वाचताना आपल्याला आपली नाकाबंदी आठवते. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद, मोठी सभा असली की बॅरिकेड, दहावीच्या पेपरला निघालेलं पोर पोलिसाला हॉलतिकीट दाखवतंय. तकलीफ असते, पण ती सगळ्यांना सारखी असते. पॅरिसमध्ये नदीकाठी कोट्यवधींच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईलाही पास दाखवूनच घरी जावं लागलं आणि तिच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईलाही. अशा बंदोबस्ताबद्दल आमची तक्रार नाही. त्याला तारीख होती, नियम छापलेला होता, आणि २६ जुलैची रात्र सरल्यावर त्या नदीकाठच्या जाळ्या उठायला लागल्या.

या सगळ्यात जुन्या पुस्तकवाल्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सीनच्या काठावर हिरव्या पेट्यांमध्ये जुनी पुस्तकं विकणारे शेकडो विक्रेते आहेत, त्यांची परंपरा काही शतकांची. २०२३ च्या उन्हाळ्यात पोलिसांनी सांगितलं, सुरक्षेसाठी तुमच्या पेट्या हलवाव्या लागतील, त्यांच्या आत काहीही लपवता येतं. पुस्तकवाल्यांनी विरोध केला. लेखक, वाचक, वर्तमानपत्रं त्यांच्या बाजूने उभी राहिली. जुन्या पेट्या उचलताना मोडतील, आमचा जीव त्यात आहे, असं ते सांगत राहिले. शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी आदेश फिरवला, हे विक्रेते राजधानीचा जिवंत वारसा आहेत म्हणून. पेट्या जागच्या जागी राहिल्या. प्रेक्षकांची योजना बदलली, पेट्या नाही बदलल्या.

आम्हाला त्या पुस्तकवाल्यांचा आनंदच वाटतो. पण यातून कळतं काय? सुरक्षेचा निर्णय म्हणजे दगडावरची रेघ नाही. आवाज असला, ओळख असली, सोबत वर्तमानपत्रं असली की तो बदलतो. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं त्यांच्या दारात त्याच सुमारास वेगळेच कागद पोचत होते.

कागदावरचं नाव

फ्रान्समध्ये एक तरतूद आहे, तिचं छोटं नाव 'मिकास'. गृहमंत्र्याच्या आदेशाने एखाद्या माणसाला सांगता येतं की तू अमुक गावाच्या हद्दीबाहेर जायचं नाही, रोज एकदा पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, पत्ता बदलला तर कळवायचं. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ४५ हजार युरो दंड. यासाठी गुन्हा सिद्ध होणं गरजेचं नाही. खटलाही नको. आधी न्यायाधीशाची परवानगीही नको. माणसाच्या वागण्यातून सुरक्षेला गंभीर धोका आहे असं मानायला कारण आहे, आणि तो दहशतवादाला पाठबळ देणाऱ्यांच्या संपर्कात आहे किंवा तसे विचार मानतो, एवढं प्रशासनाने म्हणायचं. त्यानंतर त्या माणसाने प्रशासकीय न्यायालयात जाऊन भांडायचं.

उद्घाटनाच्या आधी गृहमंत्री जेराल्ड डार्मानिन यांनीच सांगितलं की १५५ जणांवर असे निर्बंध लावलेत. पुढे ही संख्या वाढत गेली. जाता जाता, या मंत्र्यांचं मधलं नाव मूसा आहे, अल्जीरियातून आलेल्या आणि फ्रेंच सैन्यात लढलेल्या आजोबांवरून ठेवलेलं. नावावरून माणसाचं धोरण ओळखू नये, हे आपल्याला दुसऱ्या बाजूनेही लागू आहे.

हे १५५ कोण? त्यात शिक्षा भोगून आलेले काहीजण होते, त्यांच्याबद्दल सरकारची काळजी समजू शकते. पण वृत्तसंस्थांनी ज्यांच्याशी बोलून बातम्या केल्या त्यात असेही तरुण होते ज्यांच्या नावावर कुठलाच दहशतवादाचा गुन्हा नाही. कुणी शिकाऊ नोकरीत, कुणी कामाच्या शोधात. हद्द ओलांडता येत नाही म्हणून नोकरी सुटायची वेळ. रोजच्या हजेरीमुळे दिवसाचे तुकडे. यातले बहुतेक मुस्लिम घरातले आहेत, असं त्यांची बाजू मांडणारे वकील सांगत होते.

आणि पुरावा? इथं एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्रान्समध्ये त्याला पांढऱ्या चिठ्ठ्या म्हणतात. गुप्तचर खात्याची टिपणं. खाली सही नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही, माहिती कुणी दिली ते नाही. अमुक माणूस अमुक लोकांबरोबर दिसला, अमुक व्हिडिओ बघतो, असा मजकूर. न्यायालयात हीच चिठ्ठी पुढे येते. आता सही नसलेल्या चिठ्ठीला उत्तर कसं द्यायचं? मी तिथं गेलोच नव्हतो हे माणूस सिद्ध करेल, पण माझ्या मनात तसं काही नाही हे कसं सिद्ध करणार? शकाचं औषध हकीम लुकमानकडेही नव्हतं, असं आमच्या घरात म्हातारी माणसं म्हणायची.

तरी काहींनी वकील केला, न्यायालयात गेले, आणि काही आदेश तिथं टिकले नाहीत. म्हणजे दरवाजा होता. पण ऑलिंपिक पंधरा दिवसांचं आणि तारीख मिळेपर्यंत महिना गेला तर जिंकूनही काय हाती लागणार?

यासोबत दुसरी चाळणी लागली ती कामगारांना. खेळांसाठी काम करणारे रक्षक, स्वयंसेवक, मशाल धावक, तंत्रज्ञ अशा सुमारे दहा लाख लोकांची सरकारी तपासणी झाली. चार हजारांहून जास्त लोकांना बाहेर ठेवलं. त्यात परदेशी हेरगिरीच्या संशयातले होते, गुन्हेगारी नोंद असलेले होते, आणि ज्यांना कारण कळलंच नाही असेही होते. साफसफाईचं किंवा पहाऱ्याचं तात्पुरतं काम हातचं जाणं ही सँ-दनीसारख्या वस्तीत छोटी गोष्ट नाही.

तिसरी गोष्ट बेघरांची. एप्रिल २०२३ मध्ये खेळाडूंच्या गावापासून जवळच्या बेटावरची एक बंद कारखान्यातली वस्ती रिकामी केली गेली, तिथं शेकडो स्थलांतरित राहत होते. एप्रिल २०२४ मध्ये दक्षिणेकडच्या वित्री इथली आणखी एक मोठी वस्ती उठवली. लोकांना बसमध्ये घालून दूरच्या शहरांत पाठवलं. सरकार म्हणालं याचा ऑलिंपिकशी संबंध नाही. संस्था म्हणाल्या तारखा बघा. आपण दिल्ली २०१० विसरलेलो नाही. राष्ट्रकुल खेळांच्या आधी भिकाऱ्यांना उचलणं, झोपडपट्ट्या पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून पडदे आणि फलक लावणं, हे तिथंही झालं होतं. सुरक्षा आणि शोभा या दोन गोष्टी अशा वेळी एकमेकींत मिसळून जातात, आणि कुठली कुठे संपते ते उठवलेल्या माणसाला सांगता येत नाही.

२६ जुलैच्या पहाटे, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, फ्रान्सच्या वेगवान रेल्वेच्या केबल काही ठिकाणी जाळल्या गेल्या. शनिवार-रविवार धरून सुमारे आठ लाख प्रवाशांचे हाल झाले. एवढ्या बंदोबस्तात सगळ्यात मोठा घाव बसला तो रुळांवर, शहरांपासून लांब, जिथं जाळ्या नव्हत्या. मंत्र्यांनी संशय व्यक्त केला तो अतिडाव्या गटांवर. ज्यांना रोज संध्याकाळी हजेरीला बोलावलं जात होतं त्यांच्यावर नाही.

संशय माणूस बघून बसतो

ऑलिंपिकच्या इतिहासातच याचं एक जुनं उदाहरण आहे, आणि त्यात मुस्लिम कुणीच नाही, म्हणून ते जास्त उपयोगी. १९९६, अटलांटा. २७ जुलैच्या रात्री सेंटेनियल पार्कमध्ये रिचर्ड ज्युवेल नावाच्या सुरक्षारक्षकाला बाकाखाली बेवारस बॅग दिसली. त्याने पोलिसांना सांगितलं, लोकांना मागे हटवायला सुरुवात केली. स्फोट झाला, एक बाई ठार झाली, शंभरावर जखमी, पण त्याच्यामुळे किती वाचले याची गणती नाही. तीन दिवस तो हिरो होता. मग वर्तमानपत्राने छापलं की तपास यंत्रणेचा संशय त्याच्यावरच आहे. एकटा, आईसोबत राहणारा, पोलीस व्हायची हौस असलेला, म्हणजे असा माणूस हे करू शकतो. पुरावा नव्हता, नमुना जुळत होता. पुढचे जवळपास तीन महिने त्याच्या दारात कॅमेरे होते. ऑक्टोबरअखेर सरकारने पत्र देऊन त्याला मोकळं केलं. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ, त्याने २००५ मध्ये कबुली दिली.

ज्युवेलच्या बाबतीत नमुना एकट्या माणसाचा होता. फ्रान्समध्ये २०१५ नंतर तो दाढीचा, मशिदीचा, फोनमधल्या व्हिडिओचा झाला. महाराष्ट्रात आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत मेलेले आपले, शब-ए-बारातच्या दिवशी मेलेले. आणि पकडलेलेही आपलेच नऊ तरुण. पाचेक वर्षं तुरुंगात काढली, मग जामीन, आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. मराठीत म्हणतात, चोर सोडून संन्याशाला फाशी.

तात्पुरतं किती दिवसांचं?

फ्रान्सची ही 'मिकास' आली कुठून, हे बघितलं तर खरा मुद्दा कळतो. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यानंतर आणीबाणी लागली. घरांची झडती, नजरकैद, न्यायाधीशाशिवाय. आणीबाणी पुन्हा पुन्हा वाढवत जवळपास दोन वर्षं चालली. चार हजारांहून जास्त घरझडत्या झाल्या, त्यातून दहशतवादाचे खटले उभे राहिले ते अगदी मोजके. ऑक्टोबर २०१७ मध्ये नवा कायदा करून यातले अधिकार साध्या कायद्यात आणले, तेव्हा सांगितलं की हे २०२० च्या अखेरपर्यंतच. मग मुदत वाढली. जुलै २०२१ मध्ये ते कायमचे झाले. आणि २०२४ मध्ये खेळांसाठी कामाला आले.

दुसरं असं की अधिकार ज्याच्यासाठी मागितला त्याच्यापुरता राहत नाही. २०१५ ची आणीबाणी दहशतवादासाठी होती. दोन आठवड्यांत पॅरिसमध्ये हवामान परिषद भरली, तेव्हा त्याच अधिकाराने दोन डझन पर्यावरण कार्यकर्त्यांना नजरकैदेत ठेवलं. झाडांसाठी आणि हवेसाठी बोलणारी पोरं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपले काही हिंदू मित्र असे कायदे निघाले की म्हणतात, तुम्ही काही केलं नसेल तर घाबरता कशाला? त्या कार्यकर्त्यांनीही काही केलं नव्हतं.

कॅमेऱ्यांचंही तसंच. मे २०२३ च्या ऑलिंपिक कायद्याने कॅमेऱ्यांना संगणकी डोळा लावायची परवानगी दिली. गर्दी दाटली, कुणी पडलं, बॅग बेवारस राहिली, कुणी उलट्या दिशेने आलं, तर यंत्राने इशारा द्यायचा. चेहरा ओळखणं त्या कायद्यात मना होतं, हे नोंदवायला हवं. मुदत ३१ मार्च २०२५. म्हणजे खेळ संपल्यावरही सात महिने. नंतर आलेल्या तपासणी अहवालात निकाल संमिश्र होता, बेवारस सामान ओळखण्यात तर यंत्राची फजिती झाली. तरी मुदतवाढीचा प्रस्ताव रेल्वे-बस सुरक्षेच्या वेगळ्याच कायद्यात घुसवला गेला. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या घटना परिषदेने तो काढून टाकला, या कायद्याशी याचा संबंध काय म्हणून. लगेच २०३० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या विधेयकात तो पुन्हा आला, २०२७ अखेरपर्यंतची मुदत घेऊन. खेळ बदलले, कॅमेरा तोच.

आणि हिजाब. खरं तर तो सुरक्षेचा विषय नाही, पण बाहेरचा आणि आतला कोण हे ठरवायची सवय लागली की ती मैदानापर्यंत जाते. फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनी सप्टेंबर २०२३ मध्येच सांगितलं की आमच्या संघातल्या मुली हिजाब घालणार नाहीत. रिले धावपटू सूंकांबा सिल्ला हिला उद्घाटनाला यायचं तर डोकं झाकायचा प्रश्न पडला, शेवटी टोपीवर तडजोड झाली. बाकी देशांच्या मुलींना बंदी नव्हती. ११ ऑगस्टला समारोपाच्या वेळी त्याच सँ-दनीच्या स्टेडियममध्ये नेदरलँड्सची सिफान हसन मॅरेथॉनचं सुवर्णपदक घ्यायला आली ती हिजाब घालून. कुणाचं काही बिघडलं नाही.

त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं. सामना पॅरिसपासून लांब, शातोरू इथं होता. वर्गात त्याची चर्चा निघाली तेव्हा एका पोराने आम्हाला विचारलं, सर, एवढ्या बंदोबस्तात बंदूक कशी नेऊ दिली? सगळे हसले. प्रश्न मात्र चांगला होता. रायफलचा परवाना होता, विमानतळावर नोंद होती, नियम दोन्ही बाजूंना माहीत होते. कागद उघडा होता म्हणून बंदूकही आत गेली. ज्यांच्याविरुद्धचा कागद त्यांना दाखवलाच गेला नाही ते रिकाम्या हातानेही बाहेर राहिले.

आपल्याकडचा कागद

आता इथं. 'मिकास'ला मराठीत नवं नाव शोधायची गरज नाही, आपल्याकडे ते कधीचं आहे. तडीपार. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलमं ५५ ते ५७. फरक एवढाच की तिकडे हद्दीच्या आत डांबतात, इकडे हद्दीबाहेर काढतात, दोन वर्षांपर्यंत. आणि पांढऱ्या चिठ्ठीच्या जागी आपल्याकडे आहेत गोपनीय जबाब. साक्षीदाराचं नाव नाही, तारीख नीट नाही, माझ्या जीवाला धोका आहे म्हणून उघड बोलत नाही, असा मजकूर. नोटिशीत आरोपांचं फक्त सर्वसाधारण स्वरूप सांगायचं असतं. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो जपून वापरायचा, कारण त्याने माणसाचं देशात कुठंही फिरण्याचं स्वातंत्र्य जातं, घरच्यांपासून तो तुटतो, पोटावर पाय येतो.

त्याखालची पायरी म्हणजे सणांच्या आधीच्या नोटिसा. पूर्वीची १०७, १४४, १४९ ही कलमं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १२६, १६३ आणि १६८ झाली. गणपती, ईद, जयंती, निवडणूक, काहीही आलं की वस्तीतल्या ठरावीक पोरांच्या घरी शिपाई येतो. यातली गंमत म्हणा की दुःख म्हणा, एकदा यादीत गेलेलं नाव दरवर्षी निघतं. आमच्या माहितीतला एक जण कॉलेजच्या दिवसांत एका मारामारीत सापडला होता, त्यातून सुटलासुद्धा. आज तो दोन मुलांचा बाप आहे, स्वतःचं गॅरेज आहे. सणाच्या आधी तो अजूनही ठाण्यात जाऊन बसतो. विचारलं तर म्हणतो, जाऊ द्या सर, सही करून येतो, कोण वाद घालणार. ही सही करून यायची सवयच आम्हाला खुपते. यादी कुणी तपासत नाही, नाव गाळत नाही, कारण सही करणारा तक्रार करत नाही.

अहमदाबादचे खेळ गुजरातमध्ये आहेत, महाराष्ट्रात नाहीत. पण एवढ्या मोठ्या आयोजनात नजर शेजारच्या राज्यांवरही जाते, याद्या एकमेकांकडे जातात, भाडेकरूंची नोंद, हॉटेलांची तपासणी, कामगारांची पडताळणी वाढते. सुरतेत आणि अहमदाबादेत कामाला जाणारी खानदेशातली कितीतरी पोरं आहेत. त्यांच्या हातात कागदपत्रं नीट असणं हे पालकांनी आत्ताच बघितलं तर बरं.

बाकी काही साध्या गोष्टी, ज्या आम्ही शाळेतल्या पालकसभेतही सांगत आलोय. नोटीस आली तर तोंडी मानू नका, प्रत मागा. तिच्यात कलम कोणतं, मुदत किती, हजर कधी व्हायचं, ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या. जुनी केस सुटली असेल तर निकालाची प्रत जोडा, नुसतं सांगू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला मोफत वकील मिळतो. तडीपारीच्या आदेशावर आधी राज्य सरकारकडे अपील असतं आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे, ती घरात रडण्यात घालवू नका. आणि शांतता समितीच्या बैठकीला जाणाऱ्या आपल्या बुजुर्गांना एक विनंती. चहा, सत्कार आणि सहकार्याचं आश्वासन झालं की एकदा ठाणेदारांना आदराने विचारा, साहेब, ही यादी शेवटची कधी तपासली, आणि तिच्यातून नाव कमी करायचं असेल तर अर्ज कुणाच्या नावाने करायचा?